सव्वा व्होल्टची दाढी

भानुदास काशीद, म्हणजे आप्पा, यांच्या दुकानात दाढीला पाऊण तास लागायचा. त्यात वस्तऱ्याची मिनिटं दहा, उरलेली आप्पांच्या बोलण्याची. बार्शीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ज्यांना घाई असायची ते सरळ पुढच्या गल्लीत जायचे. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. स्टँडामागच्या आठ बाय दहाच्या त्या पत्र्याच्या दुकानात ते गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवत, फेस लावत, अर्धा गाल करत आणि मग उजवं मनगट त्याच्या खांद्यावर टेकवून, वस्तरा बाहेरच्या अंगाला धरून, कुणाच्या तरी हरवलेल्या म्हशीची गोष्ट सांगायला लागत. म्हैस सापडेपर्यंत दुसरा गाल तसाच.

मयूरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत असताना ती दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची. आप्पा जेवल्याशिवाय आई तिलाही वाढायची नाही, त्यामुळे ती भुकेल्या पोटी बाकावर बसून त्या म्हशी शोधायची. नऊ वर्षांची असताना तिनं भर गिऱ्हाइकांत सांगून टाकलं होतं, "आप्पा, आधी हात चालवा, तोंड मागनं." सगळे हसले. आप्पाही हसले आणि त्या हसण्यात आणखी पाच मिनिटं गेली.

आता मयूरी छत्तीस वर्षांची होती आणि पुण्यात एका कंपनीत प्रोसेसर तपासायचं काम करत होती. नवी चिप आली की तिच्यावर भार टाकायचा, आणखी टाकायचा, ती कुठं कोसळते ते बघायचं आणि अहवाल लिहायचा. ह्या कामात बोलावं लागत नाही, हे तिला फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी आप्पांचा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हा कंपवात नव्हे. कंपवातात हात स्वस्थ असताना हलतो; आप्पांचा हात टेकवला की शांत असायचा आणि काही करायला उचलला की सेकंदाला सहा वेळा थरथरायचा. औषधानं चहा सांडायचा थांबला, पण कप आणि वस्तरा यांत फरक आहे. एके सकाळी आप्पांनी एका गिऱ्हाइकाच्या कानाजवळ वस्तरा नेला, थांबले, मागं घेतला, मिटला आणि "आजपास्नं दाढी बंद" असं म्हणाले. कुणाला कापलं नव्हतं. कापेपर्यंत वाट बघणाऱ्यातले ते नव्हते.

तरी दुकान रोज उघडायचे. आरसा पुसायचे, खुर्ची पुसायचे आणि बाकावर बसायचे. सोबतीला रेवणसिद्ध माळगे असायचे. डाळ मिलमधून मुकादम म्हणून निवृत्त झालेला हा माणूस एक्केचाळीस वर्षं फक्त आप्पांच्या हाताखाली बसला होता. आप्पांचा वस्तरा मिटल्यापासून त्यांनी दाढीच केली नव्हती. आठ महिन्यांत ती छातीवर आली होती. घरचे म्हणत होते, अहो, पुढच्या गल्लीत जाऊन या. रेवणकाका म्हणायचे, "दाढीचं काय, वाढती. भानूला काय वाटंल ते बघा की."

दुकान ठेवायचं की सोडायचं, हे अक्षय्य तृतीयेला जागेच्या मालकाला सांगायचं होतं. आप्पांनी फोनवर मयूरीला सांगितलं, "सोडतो आता. नुसता आरसा पुसायला दुकान कशाला लागतंय?" ते एवढंच बोलले आणि गप्प झाले. आप्पा फोनवर आपण होऊन गप्प झालेले मयूरीनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. तिनं तीन आठवड्यांची रजा टाकली.

येताना तिनं दोन वस्तू आणल्या. एक होती 'सावर'. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत चढवायची ही बाही गेल्या चार-पाच वर्षांत गावोगावच्या दवाखान्यांत मिळायला लागली होती. मेंदूचा निरोप स्नायूत पोहोचतो तो आधी विजेच्या रूपात, आणि प्रत्यक्ष हात हलतो तो त्यानंतर सेकंदाच्या पंचविसाव्या भागानं. बाहीच्या आतले, कातडीला टेकणारे धातूचे टिपके तो निरोप मधल्या मध्ये पकडतात. मग गणित करायचं असतं: ह्यातली माणसाच्या मनातली हालचाल कुठली आणि फुकटची थरथर कुठली. थरथर जिकडं जाणार, त्याच्या बरोबर उलट बाजूला बाहीतल्या इवल्या मोटारी हात ओढतात. दोन्ही ओढी एकमेकींना खातात आणि हात सरळ जातो. हे नेमक्या वेळी झालं तर जादू वाटते. उशिरा झालं तर मोटारी थरथरीला विरोध करायच्या ऐवजी तिला झोकाच देतात.

बाहीबरोबर जी गणिताची पेटी मिळायची ती भात कालवायला, बटण लावायला पुरेशी होती. वस्तऱ्याला तिचा वेग पुरत नव्हता. दूरच्या शहरातल्या मोठ्या यंत्रांकडून गणित करून घ्यावं, तर निरोप जाऊन येईपर्यंत वेळ निघून जाणार. ते उंटावरून शेळ्या हाकणं झालं. म्हणून मयूरीनं दुसरी वस्तू आणली होती, एक डेस्कटॉप. लोकांच्या घरातून ही खोकी केव्हाच हद्दपार झाली होती. तिनं स्वतःच्या हातानं जोडलेला हा संगणक कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगाच्या वर, सेकंदाला साडेपाच अब्ज ठोक्यांनी पळवायचा होता. ओव्हरक्लॉक केलेला.

घोडं अडलं ते उन्हाळ्यात. बार्शीचा एप्रिल, त्रेचाळीस अंश, वर पत्रा. आणि त्या वर्षांत उन्हाळी मर्यादा आली होती: दिवसभर लहान दुकानांना ठरावीक वॅटच्या वर वीज मिळायची नाही, ओलांडली की मीटर आपोआप दहा मिनिटं झोपायचा. एसीचं नावच नको. संगणकाचा एक पंखा, दुकानाचा एक पंखा, एक दिवा, की मर्यादा संपली. पहिल्या दिवशी तिनं संगणक आहे तसा चालू केला आणि साडेअकराला दुकान अंधारात गेलं.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"आता सुरू होतंय," मयूरी म्हणाली.

प्रोसेसरमध्ये अब्जावधी बारीक बटणं असतात. प्रत्येक ठोक्याला त्यांनी उघडझाप करायची असते आणि त्यासाठी विजेचा दाब लागतो, तो व्होल्टात मोजतात. वेग वाढवला की दाबही वाढवावा लागतो. पण दाबाची किंमत उष्णतेत द्यावी लागते आणि ती वर्गाच्या हिशेबानं वाढते. दाब दहा टक्के उतरवला तर उष्णता वीस टक्के उतरते. यंत्र आपल्या मनानं एक पूर्णांक चाळीस व्होल्ट घेत होतं, कारण कारखाना सगळ्यात कमकुवत चिप धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक चिपची कुवत निराळी. एकाच पिठाच्या भाकरी, पण एक टम्म फुगते आणि दुसरी तशीच बसते. आपल्या हातातली चिप किती कमी दाबावर तग धरते, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पाच मिलिव्होल्टनी, म्हणजे व्होल्टाच्या दोनशेव्या भागानं, दाब उतरवायचा, भार टाकून बघायचा, पुन्हा उतरवायचा. कोसळली की एकदोन पायऱ्या वर यायचं.

भार मात्र खरा हवा होता. मयूरीनं आरशासमोरच्या खुर्चीला एक फुगा बांधला, त्याला फेस लावला आणि आप्पांच्या हातावर बाही चढवली. मोटारी बंद होत्या. फक्त हाताची नोंद घ्यायची होती. पातं काढलेला वस्तरा घेऊन आप्पा थरथरत फेस काढायला लागले. चार फुगे, दोन तास. आणि आप्पा त्या फुग्याशीही बोलले. जावई चांगला निघाला का म्हणून विचारलं. पुढं तुरीचा भाव काढला. रेवणकाका बाकावरून फुग्याच्या वतीनं उत्तरं देत होते.

"आप्पा, मला फक्त हात पाहिजे," मयूरी म्हणाली.

"हात चाललाय की माझा."

तो चालत नव्हता. नोंदीत स्पष्ट दिसत होतं. हात पाच सेकंद चालायचा आणि पंचवीस-तीस सेकंद खुर्चीच्या पाठीवर निवांत टेकायचा. मयूरीनं नेहमीच्या सवयीनं त्या रिकाम्या जागा छाटून टाकल्या. रिकाम्या हातात तपासायचं काय? दोन तासांची नोंद एकोणीस मिनिटांची झाली. ती बघून ती एकटीच हसली, की चला, सत्तावीस वर्षांनी का होईना, आप्पांचा हात आधी चालला.

ही एकोणीस मिनिटं तिनं यंत्राला पुन्हा पुन्हा चघळायला दिली. एक पूर्णांक पस्तीस, तीस, अठ्ठावीस. आप्पा बाजूला बसून बघत होते. दर थोड्या वेळानं ती एक आकडा उतरवायची, हात जोडून बसायची, पडद्यावरच्या रेषेकडे बघायची. एक पूर्णांक चोवीसला पडदा निळा झाला आणि यंत्र थांबलं. तिनं दोन पायऱ्या वर घेतलं. एक पूर्णांक पंचवीस. त्यावर यंत्र अख्खा दिवस-रात्र चाललं, भर दुपारीही मीटर झोपला नाही.

"सव्वा," रेवणकाका म्हणाले. "सव्वा म्हणजे शुभच."

मग मोटारी चालू करून फुगे झाले. मयूरीनं आप्पांना बजावलं होतं की आता चकार शब्द नाही, लक्ष हाताकडे. आप्पांनी ओठ मिटले आणि वस्तरा उचलला. हात सरळ गेला. रेघ मारल्यासारखा गेला. आप्पांनी तो पालथा करून पाहिला, उलटा करून पाहिला. तीन फुगे, खऱ्या पात्यानं, आणि एकही फुटला नाही.

"कुणाचा हात हाय हा?" आप्पा हळूच म्हणाले.

"तुमचाच," मयूरी म्हणाली. ती पडद्याकडे बघत राहिली.

रेवणकाका उठून खुर्चीत जाऊन बसलेसुद्धा. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आप्पांनी आधी कात्रीनं दाढी उतरवली, गरम पाण्याचा टॉवेल दिला, फेस लावला. उजवा गाल झाला. रेवणकाकांचा आठ महिने दडलेला गाल उघडा पडला आणि आप्पांची कळी खुलली. मनगट खांद्यावर टेकवून ते म्हणाले, "रेवण्या, तुझ्या मिलमदला तो वजनकाट्यावरचा आठवतोय का रं, टोपी उलटी घालायचा..." त्या टोपीवाल्याचं लग्न होईपर्यंत गोष्ट गेली. मग आप्पांनी हात उचलला, कानाखाली वस्तरा टेकवला, आणि पडदा निळा झाला.

बाही सैल पडली. हात थरथरला. आप्पांनी पापणी लवायच्या आत वस्तरा बाहेरच्या बाजूला फेकला. चाळीस वर्षांच्या वरचा सराव होता तो. तरी रेवणकाकांच्या कानाखाली गव्हाच्या दाण्याएवढी लाल रेघ उमटली.

"काय न्हाय, काय न्हाय," रेवणकाका म्हणाले. "डास चावलाय."

आप्पांनी तुरटी लावली, उरलेला गाल तसाच पुसला, बाही उतरवून मयूरीच्या मांडीवर ठेवली आणि घरी निघून गेले. रेवणकाका अर्ध्या दाढीनं भर बाजारातून घरी गेले. कुणी हसलं तर म्हणायचे, काम चालू हाय.

मयूरीनं आधी उष्णतेवर संशय घेतला, मग तारांवर. शेवटी तिनं नोंदी काढल्या. यंत्र कोसळलं त्या क्षणाच्या आधी दीड मिनिट हात खांद्यावर टेकलेला होता. भार नव्हताच. रात्रंदिवस ओझं वाहणारं यंत्र विश्रांतीतून उठताना पडलं होतं.

तिला कपाळावर हात मारावासा वाटला. शेतातली मोटार चालू केली की घरातला दिवा क्षणभर मंद होतो, हे बार्शीच्या लहान पोरालाही माहीत असतं. प्रोसेसर निवांत असला की वीज कमी ओढतो. एकदम कामाला लागला की ती घटाघटा ओढतो आणि क्षणभर दाब खाली जातो. सव्वा व्होल्टावर वाव होता जेमतेम दहा मिलिव्होल्टांचा. सतत भार असेल तर तेवढा पुरायचा. पण विश्रांती आणि काम, विश्रांती आणि काम, असं चाललं तर नव्हता पुरत. आणि विश्रांतीच तर तिनं कात्रीनं छाटून टाकली होती. इतर कुणाच्या बापाच्या नोंदीतून छाटली असती तर एक वेळ चाललं असतं. भानुदास काशीद यांच्या नोंदीतून.

तिनं दाब वाढवून पाहिला. एक पूर्णांक तीसला यंत्र विश्रांतीतून सुखरूप उठत होतं. साडेबाराला मीटर झोपला. मग तिनं यंत्राला सतत काहीतरी फालतू काम देऊन जागं ठेवलं, तर खऱ्या कामाला उशीर व्हायला लागला आणि बाही हाताला झोके द्यायला लागली. एकच सोपा उपाय उरला.

"आप्पा," ती संध्याकाळी म्हणाली, "दाढी करताना थांबायचं नाही. बोलायचं नाही. फुग्यावर केलंत तसं. एवढं केलंत तर यंत्र पडणार नाही."

आप्पा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्यांचा हात लसणाबरोबर थरथरत होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. ते बाहीकडे बघायलासुद्धा तयार नव्हते.

"गप राहून मला दाढी येत न्हाय," ते म्हणाले.

"येत नाही म्हणजे काय? सवय आहे ती नुसती."

"सवय न्हाय माय." आप्पांनी लसूण खाली ठेवला. "हिकडं ये. बस."

त्यांनी तिच्या मागं उभं राहून उजवं मनगट तिच्या खांद्यावर टेकवलं. टेकवताच हात शांत झाला. "माणूस खुर्चीत बसतो, मान मागं टाकतो. समोरच्याच्या हातात धारेचं पातं. किती बी ओळखीचा असू दे, त्याच्या पोटात एक भ्या असतंच. मग तो गळा आखडतो, मधीच आवंढा गिळतो. आवंढा गिळताना पातं गळ्यावर असलं तर? म्हणून मी मनगट खांद्यावर ठिवतो आन् बोलत ऱ्हातो. तो माझ्या गोष्टीत गेला की हा खांदा सैल पडतो. मला हितं मनगटाला कळतं. सैल पडला की गळ्याला हात घालायचा. न्हाय पडला तर गोष्ट वाढवायची. माझ्या बापानं मला वस्तऱ्याच्या आधी गोष्टी शिकवल्या."

मयूरी मान वळवून त्या मनगटाकडे बघायला लागली.

"आता तुझाच बघ," आप्पा म्हणाले, "दगडावानी हाय."

त्यांनी मनगट काढून घेतलं आणि पुन्हा लसूण सोलायला बसले. मयूरीही त्यांच्याजवळ बसून पाकळ्या सोलायला लागली. सत्तावीस वर्षं ती ज्याला टिवल्याबावल्या समजत आली ते कामच होतं, आणि हे तिला लसूण सोलता सोलता कळत होतं. तिला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं न छाटलेली नोंद उघडली. दोन तास, आवाजासकट. ती आयुष्यात पहिल्यांदा आप्पांचं बोलणं मध्ये न तोडता ऐकत होती. एका कानात आप्पा, समोर हाताची रेषा. पहिला अर्धा तास गेल्यावर तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि तिनं नोंद पुन्हा पहिल्यापासून लावली. आप्पांचं तोंड हाताच्या आधी उघडायचं. दर वेळी. आधी "आरं" किंवा "तर मग" यायचं, आणि अर्ध्या सेकंदानं हात थांबायचा. उलटही तसंच. आवाज उतरायचा, शेवटचा शब्द लांबायचा, आणि मग हात उठायचा. हात कधी थांबणार आणि कधी उठणार, हे तोंड आगाऊ कळवत होतं.

मग पुढचं सोपं होतं. हात निवांत असताना यंत्राला काम हवं होतं, आणि हात उठताक्षणी ते काम बाजूला व्हायला हवं होतं. तिनं दुकानाच्या आरशावर एक माइक लावला आणि यंत्राला एक दुय्यम काम दिलं: दुकानात कुणी बोललं तर ऐकायचं आणि लिहून काढायचं. आप्पा बोलायला लागले की यंत्र ऐकायला लागायचं. हात टेकायचा, पण यंत्र झोपायचं नाही. आवाज उतरला की ऐकणं आवरतं घ्यायचं, आणि तोवर हात कामाला लागलेला असायचा; मग हात पुन्हा टेकेपर्यंत बोलण्याकडं लक्ष द्यायचं नाही. भाराची रेषा सपाट राहिली. दाब तिथंच, सव्वा व्होल्टावर.

ह्या वेळी तिनं चाचणीला सगळी नोंद लावली, दोन तासांची दोन तास. तीन दिवस दुकानात आप्पांचाच आवाज घुमत होता आणि आप्पा बाकावर बसून स्वतःच्या गोष्टी ऐकत, मधूनमधून दुरुस्त्या करत होते. वर तिनं बाहीला एक कुलूपही घातलं. यंत्र पडलंच तर बाही सैल न पडता हात आहे तिथं घट्ट धरून ठेवेल. आता रेवणकाकांना खरचटणारही नव्हतं. पण तिला माहीत होतं, आणखी एकदा पडदा निळा झाला तर आप्पा तिसऱ्यांदा वस्तरा उचलणार नाहीत. अक्षय्य तृतीया परवावर आली होती.

"बघ भानू," रेवणकाका अर्ध्या दाढीनं खुर्चीत बसत म्हणाले, "एक गाल हाय, एक न्हाय. नातवंडं हसत्यात. मला असा ठिवून तू दुकान सोडणार हैस का?"

आप्पांनी बाही चढवून घेतली. फेस लावला. गालावरून वस्तरा गेला, हात सरळ. "आरं, त्या कुर्डूवाडीच्या..." आप्पा म्हणाले, हात थांबला, आणि पडद्यावरची रेषा हलली नाही. मयूरीनं श्वास सोडला. गोष्ट झाली, हात उठला, गाल झाला, हनुवटी झाली. पुन्हा गोष्ट, पुन्हा हात. पाऊण तासाची दाढी पाऊण तासाच्या वेगानं चालली होती आणि मयूरीला कुठंही जायची घाई नव्हती.

उरला गळा. आप्पांनी मनगट खांद्यावर टेकवलं आणि रेवणकाकांनी मान मागं टाकली. डोळे मिटले. त्यांच्या कानाखाली ती बारीक रेघ अजून दिसत होती. आप्पांनी ती पाहिली. त्यांचं तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. ते त्या गळ्याकडे बघत उभे राहिले. एक्केचाळीस वर्षांचा मित्र, एवढं सगळं होऊनही मान मागं टाकून बसलेला. आप्पांचे डोळे भरले. ज्या माणसाला फुग्याशी बोलायला विषय सापडत होता, त्याला काही सुचेना.

पडद्यावरची रेषा उतरायला लागली. तीन सेकंद. पाच. दुकानात कुणीच बोलत नव्हतं आणि यंत्राला ऐकायला काही नव्हतं. आता आप्पांनी हात उचलला की संपलं. 'बोला' म्हणून ओरडलं तर ते दचकतील, आणि रेवणकाका त्यांच्याआधी.

"आप्पा," मयूरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी पुण्याला गेले ना पहिल्यांदा, तेव्हा मी तिथं केस कापायला गेले होते. तुम्हाला सांगितलं नाही मी कधी."

रेषा वर आली. आप्पांनी मान न वळवता विचारलं, "बरं, मग?"

"मोठं दुकान होतं. चकचकीत. त्या बाईनं मला बसवलं, केस कापले, सात मिनिटांत झालं. चांगले कापले होते. मी बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले."

"चांगले कापले हुते तर रडायचं काय?"

"ती एक शब्द बोलली नाही आप्पा. तू कोण, कुठली, काही नाही. माझ्या डोक्याला अख्खी सात मिनिटं कुणीतरी हात लावत होतं आणि त्याला मी कुणीच नव्हते. मला बार्शीला यावंसं वाटलं. मला तुमच्या दुकानात त्या बाकावर बसावंसं वाटलं, भूक लागलेली असली तरी."

खुर्चीतून रेवणकाकांचा हुंकार आला. आप्पांनी त्यांच्या खांद्यावर मनगट किंचित दाबून बघितलं.

"आन् हे तू आत्ता सांगतीस व्हय?" ते म्हणाले. आवाज ओला होता, पण आवाज होता. "अठरा वर्सांनी? पुढं काय झालं? उठलीस का न्हाय त्या जिन्यातनं?"

"उठले. मग खालच्या टपरीवर गेले. तिथला चहावाला बार्शीकडचा निघाला."

"कुठला? गाव कुठलं म्हणला?"

मयूरीला गाव आठवत नव्हतं. तिनं वैराग म्हणून सांगून टाकलं, चहावाल्याला दोन भाऊ दिले, एक म्हैस दिली आणि म्हैस हरवली असंही सांगितलं. रेवणकाकांचा खांदा सैल पडला. मयूरीनं शेवटचा शब्द लांबवून आवाज उतरवला. आप्पांनी हात उचलला. म्हैस कुठं सापडणार हे तिला अजून ठाऊक नव्हतं, तरी ती बोलत राहिली आणि वस्तरा गळ्यावरून सरळ वर गेला.